मलमाचा बेस: आधी फक्त मेण आणि तेल

सुगंध, अर्क सगळं नंतर. आधी नुसतं मधमाशीचं मेण आणि तेल घेऊन हात बसवा. वजनाने एक भाग मेण, चार-पाच भाग तेल. चमच्याने नको, काट्यावरच मोजा. मेण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे थेट आचेची गरजच नाही, गरम पाण्यात ठेवलेलं भांडं पुरतं. मग एक थेंब गार बशीवर टाका आणि गोठला की बोटाने दाबून बघा. कडक लागला तर तेल वाढवा, ओघळला तर मेण. मिश्रणात शिया बटर (शिया झाडाच्या बियांचं घट्ट तेल) असेल तर मिश्रण पटकन गार करा, नाहीतर रवाळ होतं. आणि कोरफडीचा गर घालायचा मोह कृपा करून टाळा! पाणी शिरलं की जंतू वाढतात. ई जीवनसत्त्व तेल खवट होणं पुढे ढकलतं, जंतूंना रोखत नाही.