पोलिसांना आणि मानसिक आरोग्य कर्मचाऱ्यांना एकत्र प्रशिक्षण दिल्याने खरंच फरक पडतो का?

भावाला स्किझोफ्रेनिया आहे, तो बिथरला की पोलिसांना बोलवायची भीती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. मी मनोविकार विभागात सामाजिक कार्यकर्ती आहे आणि पोलिसांच्या प्रशिक्षणात शिकवतेही. फरक पडतो, पण दोघं एकत्र शिकले तर. पोलिसांना सभागृहात बसवून डॉक्टरांचं तासाभराचं व्याख्यान ऐकवलं, तर दुसऱ्या दिवशी कुणाला काही आठवत नाही.

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९८७ मध्ये मानसिक आजार असलेला, हातात चाकू असलेला एक तरुण पोलिसांच्या गोळीने मेला. त्यानंतर १९८८ मध्ये पोलिस, मनोविकारतज्ज्ञ आणि रुग्णांच्या नातेवाइकांनी मिळून खास पथक उभं केलं. गस्तीवरच्या पोलिसांपैकी जे आपणहून पुढे आले त्यांनाच घेतलं, ४० तास शिकवलं, रुग्णांना आणि घरच्यांना समोरासमोर भेटवलं. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते: पोलिसांनी आणलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही आणि पोलिसांना ताटकळत ठेवायचं नाही, हे रुग्णालयाने कबूल केलं होतं. अशा प्रशिक्षणाने पोलिसांची समज वाढते हे अभ्यासांत दिसलंय; बळाचा वापर कमी होतो का, याबद्दलचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत.

आपल्याकडे कायदा चांगला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार ताब्यात घेतलेल्या अशा माणसाला कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी न्यावं लागतं. पोलिसांना वेळोवेळी प्रशिक्षण द्यावं हेही याच कायद्यात आहे. अडतं ते रात्री दोन वाजता. हवालदार सांगतात, "मॅडम, आम्ही घेऊन जातो, तिथे म्हणतात कोर्टाची ऑर्डर आणा." नर्स सांगतात, "दोरीने बांधून आणतात, सही घेतात आणि निघून जातात." दोघांचंही खरं असतं, आणि एका खोलीत बसल्याशिवाय ते एकमेकांना कळत नाही. म्हणून मी सरावात हवालदाराला रुग्णाच्या जागी बसवते, भोवती चार जण एकदम ओरडायला लावते. आवाज कसा डोक्यात घुसतो ते त्याला तेव्हा कळतं. मग एकानेच बोलायचं, हळू बोलायचं, निदान दोन हात लांब राहायचं, बघ्यांना हटवायचं, "तुला कुणी मारत नाहीये, हे खोटं आहे" असा वाद घालायचा नाही, हे वेगळं समजवावं लागत नाही. आमच्या लोकांनाही शिकावं लागतं: झडती का घेतात, धारदार वस्तू आधी बाजूला का करतात. हे माहीत नसलेला समुपदेशक घटनास्थळी स्वतःच धोक्यात येतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर भाऊ बरा असतानाच त्याच्याशी बोलून ठेवा, आणि त्याची हरकत नसेल तर बीट अंमलदाराला (तुमच्या भागाच्या गस्तीवरच्या पोलिसाला) भेटून ठेवा. त्याच्या उपचारांच्या कागदपत्रांचे फोटो मोबाइलमध्ये असू द्या. जिवाला धोका नसेल तर आधी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर किंवा त्याच्या डॉक्टरांना फोन करा. धोका असेल तर ११२ लावा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की हा आजारी माणूस आहे, गुन्हेगार नाही. औषध कोणतं, बंद कधी झालं, हातात काय आहे, कुणाचं ऐकतो, हेही सांगा. सायरन बंद ठेवून यायची विनंती करा. पोलिस आल्यावर तो ज्याचं ऐकतो त्या एकालाच पुढे राहू द्या.