अमेरिकेतले लोक खरंच धर्म आणि नीतिमत्ता बघून मत देतात का?

तुमचा प्रश्न असा आहे की, दर रविवारी चर्चला जाणारे, बायबल उशाशी ठेवणारे लोक तीन लग्नं केलेल्या ट्रम्पना मत कसं देतात? मग धर्म, नीतिमत्ता वगैरे सगळं बोलायचंच का?

मी मूळची साताऱ्याची, गेली सतरा वर्षं कॅन्सस राज्यात ओव्हरलँड पार्कला राहते आणि २०१९ पासून इथे मतदान करते. सुरुवातीला मलाही ते ढोंगच वाटायचं. आता तसं वाटत नाही, पण धर्म मतदानात शिरतो कसा, याबद्दलची माझी समजूत मात्र पार बदलली.

आमचं पहिलं मतदान केंद्र चर्चमध्ये होतं. इथे शाळा, वाचनालय यांच्याबरोबर चर्चचे हॉलही मतदानासाठी घेतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. हॉलच्या भिंतीवर मुलांनी रंगवलेलं नोहाचं जहाज होतं, कोपऱ्यात थर्मासमध्ये कॉफी. टेबलामागच्या दोन आज्यांनी माझं आडनाव तीनदा वाचून पाहिलं, मग हसून यादीच माझ्याकडे फिरवली आणि म्हणाल्या, तूच शोध बाई.

इथे नवीन घर घेतलं की पहिल्या पंधरा दिवसांत कुणीतरी विचारतंच, ‘तुम्ही कुठल्या चर्चला जाता?’ मला तो प्रश्न तेव्हा आगाऊ वाटला होता. पुढे लक्षात आलं की हे आपल्याकडच्या ‘मूळ गाव कुठलं?’ सारखं आहे. तुमची श्रद्धा किती हे त्यात कुणी मोजत नाही. मुलं कुणाबरोबर खेळणार, बाळंतपणात डबा कोण आणणार, नोकरी गेली तर कोण ओळख काढून देणार, हे त्या एका उत्तरातून कळतं. चर्चमध्ये देव आहेच, पण पाळणाघर, महिला मंडळ, लग्नाची स्थळं आणि शनिवारचं बास्केटबॉलही तिथेच आहे.

म्हणजे तुम्ही गृहीत धरताय तसं, की माणूस आधी धर्मग्रंथ वाचतो, मग त्यातून तत्त्वं काढतो आणि त्या फूटपट्टीने उमेदवार मोजतो, तसं फार कमी वेळा होतं. आधी ठरतं ते आपली माणसं कोण. त्यांचा पक्ष तो आपला पक्ष. तत्त्वं पुष्कळदा मागून येऊन बसतात.

हे मी हवेतलं बोलत नाही. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन ही इथली सगळ्यात मोठी प्रोटेस्टंट संघटना, आज गर्भपाताच्या विरोधात सगळ्यात पुढे. पण १९७१ साली याच संघटनेने ठराव केला होता की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, किंवा आईच्या शारीरिक, मानसिक आरोग्याला धोका असेल तर गर्भपाताला परवानगी देणारे कायदे व्हावेत. १९७३ साली ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क मान्य केला तेव्हा रस्त्यावर उतरलेले लोक मुख्यतः कॅथलिक होते. इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलचा शब्द अंतिम मानणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळींच्या लेखी तो बराच काळ ‘कॅथलिकांचा विषय’ होता. काही इतिहासकार तर म्हणतात की त्यांना राजकारणात ओढलं ते गर्भपाताने नव्हे, तर वर्णभेद पाळणाऱ्या ख्रिस्ती शाळा-कॉलेजांची करसवलत सरकारने काढायला घेतली, त्याने. बॉब जोन्स विद्यापीठाचं प्रकरण त्यातलं गाजलेलं. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल या बाप्टिस्ट पाद्र्यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना उभी केली, आणि पुढच्या वर्षी काय झालं बघा. एका बाजूला जिमी कार्टर, स्वतः बाप्टिस्ट, रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे. दुसऱ्या बाजूला रेगन, हॉलिवूडमधून आलेले, घटस्फोटित, आणि कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ मध्ये गर्भपात सोपा करणाऱ्या कायद्यावर सही केलेले. गोरे इव्हँजेलिकल मोठ्या संख्येने रेगनकडे गेले. तेव्हा ट्रम्पपासून काहीतरी नवीन सुरू झालं असं मला वाटत नाही.

ट्रम्प आले तेव्हा फक्त ते उघड्यावर आलं. पब्लिक रिलिजन रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था धर्म आणि राजकारणावर पाहण्या करते. खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला नेता सार्वजनिक कामात नीतीने वागू शकतो का, हा प्रश्न त्यांनी विचारला होता. २०११ मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी ३० टक्के ‘हो’ म्हणाले. २०१६ मध्ये, तोच प्रश्न, ७२ टक्के. पाच वर्षांत बायबल तेच होतं. समोरचा उमेदवार बदलला होता. त्या नोव्हेंबरात यातल्या सुमारे ८० टक्के लोकांनी ट्रम्पना मत दिलं.

कृष्णवर्णीय बाप्टिस्टांकडे पाहिलंत तर गुंता अजून वाढतो. तेच बायबल, तोच बाप्तिस्मा, बरीच भजनंसुद्धा तीच. आणि मत जवळजवळ एकगठ्ठा डेमोक्रॅटिक पक्षाला. रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या बसमधून थेट मतदानाला जायची त्यांची रीत आहे, ‘सोल्स टू द पोल्स’ म्हणतात तिला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अटलांटातल्या एबनेझर चर्चचे पाद्री राफेल वॉर्नॉक २०२१ च्या जानेवारीत जॉर्जियातून सिनेटवर निवडून आले. ते गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने बोलतात, आणि पाद्री म्हणूनच बोलतात. मग ‘धर्म काय सांगतो’ याचं उत्तर कुणी द्यायचं?

कॅथलिकांची तर गंमतच. १९६० मध्ये केनेडींना ह्यूस्टनला जाऊन प्रोटेस्टंट पाद्र्यांसमोर सांगावं लागलं होतं की मी अध्यक्ष झालो तर माझे निर्णय पोप घेणार नाहीत. लोकांना भीती होती की हा पोपचं ऐकेल. साठ वर्षांनी बायडन अध्यक्ष झाले, आणि त्यांना कम्युनियन, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद, द्यावं की नाही यावर २०२१ मध्ये बिशप वाद घालत होते, कारण गर्भपाताच्या बाबतीत हा चर्चचं ऐकत नाही!

अपवाद म्हणून मी नेहमी यूटाचं नाव घेते. मॉर्मन या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं राज्य, कट्टर रिपब्लिकन. २०१२ मध्ये रॉम्नी या मॉर्मन उमेदवाराला तिथे ७२-७३ टक्के मतं होती. २०१६ मध्ये ट्रम्प यांच्या वागण्या-बोलण्याची तिथल्या लोकांना खरोखर शिसारी आली, आणि इव्हान मॅकमलिन नावाच्या फारशा माहीत नसलेल्या मॉर्मन अपक्षाला २१ टक्के मतं पडली. ट्रम्प जिंकले पण पन्नाशीच्या खालीच राहिले. म्हणजे नीतिमत्ता मत हलवू शकते. फक्त दुसरीकडे ‘आपला माणूस’ उभा असावा लागतो. २०२० मध्ये तसा कुणी नव्हता, ट्रम्प परत ५८ टक्क्यांवर.

आता आमच्या कॅन्ससचं सांगते. इतकं सगळं वाचूनही मला खरा उजेड पडला तो २ ऑगस्ट २०२२ ला.

थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. गर्भपाताच्या बाबतीत हे राज्य म्हणजे रणांगण आहे. १९९१ च्या उन्हाळ्यात विचिटा शहरात गर्भपाताच्या दवाखान्यांसमोर विरोधकांचा सहा आठवडे ठिय्या चालला, अडीच हजारांवर अटका झाल्या. त्या ठिय्यातून उठलेले कार्यकर्ते पुढे इथल्या रिपब्लिकन पक्षात शिरले आणि पक्षाचा तोंडवळाच बदलला. ज्यांच्याविरुद्ध तो ठिय्या होता त्या गर्भपात करणाऱ्या डॉ. जॉर्ज टिलर यांना २००९ मध्ये गोळी घातली, आणि ती कुठे, तर त्यांच्याच ल्यूथरन चर्चमध्ये, रविवारी, ते दाराशी लोकांचं स्वागत करत असताना. धर्म कुठल्या बाजूला होता हे सांगणं त्या एका सकाळपुरतंही सोपं नाही.

२०१९ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की कॅन्ससच्या घटनेतच गर्भपाताचा हक्क आहे. तो पुसून टाकायला घटनादुरुस्ती आणली गेली. त्यात २०२२ च्या जूनमध्ये ‘रो’ रद्द झालं, आणि त्यानंतरचं देशातलं पहिलं सार्वमत आमच्याकडे आलं. अंगणाअंगणांतून पाट्या लागल्या. दुरुस्तीच्या बाजूच्यांची ‘व्हॅल्यू देम बोथ’, म्हणजे आई आणि बाळ दोघांनाही जपा. इथे चर्चला करसवलत असते, म्हणून उमेदवाराचा प्रचार करायला कागदावर तरी बंदी आहे, पण सार्वमताच्या विषयावर बोलता येतं, पैसेही घालता येतात. कॅन्सस सिटीच्या कॅथलिक आर्चडायसिसने, म्हणजे आर्चबिशपच्या हाताखालच्या चर्च-विभागाने, वीस लाखांहून अधिक डॉलर घातले. विरोधकांनीही डोकं लढवलं. त्यांच्या काही जाहिरातींत गर्भपात हा शब्दच येऊ दिला नाही. ही सरकारची सक्ती आहे, असा सूर लावला, मास्कच्या सक्तीची आठवण करून दिली. कोविडवर चिडलेल्या रिपब्लिकन शेतकऱ्याला ती भाषा बरोबर कळली. आदल्या दिवशी तर दिशाभूल करणारे मेसेज आले, ‘हो’ म्हणा म्हणजे बायकांचा हक्क टिकेल, अशा अर्थाचे. प्रत्यक्षात नेमकं उलट होतं.

आमच्या शेजारच्या काकू सत्तरी पार केलेल्या, पक्क्या कॅथलिक. फुलांच्या वाफ्यात मदर मेरीची मूर्ती, दर शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये ‘मास’, म्हणजे सामूहिक प्रार्थना. त्यांच्याही अंगणात ‘व्हॅल्यू देम बोथ’ होती. मी कुठल्याच पक्षात नोंदवलेली नाही, त्यामुळे पक्षाचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत एरवी मला काही काम नसतं, पण त्या दिवशी सार्वमतापुरता हक्क होता. उन्हाने डांबर चिकटत होतं आणि रांग दाराबाहेर गेली होती. मी काय मत दिलं ते नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, इथे कशाला सांगू!

रात्री निकाल आला. राज्यात ट्रम्प २०२० ला ५६ टक्के मतं घेऊन जिंकले होते, आणि दुरुस्ती ५९ विरुद्ध ४१ अशी पडली. नऊ लाखांवर लोक मतदानाला आले होते.

सप्टेंबरात काकू कुंपणावरून टोमॅटो देत होत्या. बोलता बोलता सहज म्हणाल्या, ‘मी नाही म्हणून आले.’ मी बघतच राहिले. म्हणाल्या, ‘मी स्वतः जन्मात केलं नसतं. पण माझ्या लेकीला त्या वेळी रक्तस्राव थांबत नव्हता. डॉक्टरांनी काय करायचं ते टोपेकातल्या पुरुषांनी ठरवायचं?’ टोपेका ही राज्याची राजधानी, इथली विधानसभा तिथेच. मी विचारलं, मग पाटी? त्यावर त्यांनी माझ्याकडे, बाहेरगावच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. ‘पाटी चर्चच्या मैत्रिणींसाठी होती गं.’

एका काकूंवरून राज्याचा सिद्धांत मांडू नये हे मला कळतं. पण नोव्हेंबरात याच राज्याने रिपब्लिकन सिनेटर जेरी मोरन यांना साठ टक्के मतं दिली. शेजारच्या मिसुरीत २०२४ ला एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर, ट्रम्प दणदणीत जिंकले आणि गर्भपाताचा हक्क घटनेत घालणारी दुरुस्तीही पास झाली. उमेदवाराचं नाव समोर आलं की माणूस आपल्या माणसांबरोबर उभा राहतो. नाव आणि पक्ष काढून नुसता प्रश्न ठेवला की तोच माणूस स्वतःच्या मनाशी, घरातल्या कुणाच्या तरी दुखण्याशी बोलून उत्तर देतो. तीही नीतिमत्ताच आहे, फक्त ती चर्चच्या व्यासपीठावरून ऐकू येत नाही. मात्र फ्लोरिडात २०२४ ला ५७ टक्के पडूनही दुरुस्ती हरली, कारण तिथे ६० लागतात. म्हणजे लोकांचं मन आणि कायदा यांच्यात नियमांची एक भिंतही असते.

आपल्या लोकांचं विचाराल तर, भारतीय वंशाचे विवेक रामस्वामी रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे होते तेव्हा २०२३ च्या डिसेंबरात आयोवात एका मतदाराच्या शंकेला त्यांना टीव्हीवर उत्तर द्यावं लागलं, हिंदू माणूस अमेरिकेचा अध्यक्ष कसा होणार? उत्तरात त्यांनी बायबलच्या दहा आज्ञांपर्यंत दाखले दिले. मला ते ऐकताना जरा अवघडल्यासारखं झालं. याउलट बेळगावचे श्री ठाणेदार डेट्रॉइटच्या, कृष्णवर्णीय ख्रिस्ती वस्ती मोठी असलेल्या मतदारसंघातून २०२२ ला काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर, निवडून आले. तिथे पक्षाचं नाव पुढे होतं. आमच्या मंडळातही गणपतीची आरती एका सुरात होते आणि मोदक खाताना ट्रम्पवरून दोन तट पडतात. त्यात धर्माचा भाग किती आणि आयकराचा किती, हे मला अजून सुटलेलं नाही.

काकूंच्या अंगणात २०२४ ला ट्रम्पची पाटी होती, मदर मेरीच्या बाजूलाच. निवडणूक झाल्यावर गुडघ्यामुळे त्यांना वाकता येईना, म्हणून तिची तार मीच मातीतून उपटून दिली. पाटी त्यांनी टाकून दिली नाही. गॅरेजमध्ये नेऊन ठेवायला सांगितली. तिथे जुनी ‘व्हॅल्यू देम बोथ’ पण होती, भिंतीला टेकवून, मागे टोमॅटोच्या रिकाम्या कुंड्या.