गाणं न शिकलेल्या माणसाला पुढचा सूर, पुढचा ठोका आधीच कसा जाणवतो?

तुम्ही विचारलंय की गाणं कधी शिकला नाहीत, तरी अनोळखी गाण्यातसुद्धा आता सूर कुठे जाणार, ठोका कुठे पडणार हे आधीच जाणवतं, तर हे मेंदूत कुठे होतं आणि आता शिकायला लागलात तर वाढेल का. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

मला 11व्या वर्षी गाण्याच्या क्लासला घातलं होतं. दोन महिन्यांनी तिथल्या बाईंनी आईला सांगितलं, हिला कान नाही, उगाच पाठवू नका. झालं. त्यानंतर घरात संगीताचा विषय निघाला की मी बोलायचं नाही असं ठरूनच गेलं, कारण दादा तबला शिकत होता आणि तोच काय ते जाणकार.

त्याचा रियाज चालायचा तेव्हा मी बाजूच्या खोलीत अभ्यास करत असायचे. टेपवर लेहरा, म्हणजे तालाबरोबर फिरून फिरून येणारी एकच धून, वर त्याचा तीनताल, 16 मात्रांचा म्हणजे 16 ठोक्यांचा. एक दिवस त्याने तिहाई घेतली, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. ‘तिट कत गदि गन धा’, मग एक मात्रा दम म्हणजे थांबा, परत तेच, परत दम, परत तेच. 5 मात्रांचा तुकडा, म्हणजे पल्ला, तीनदा आणि मधले दोन दम मिळून 17, म्हणजे समेवरून उचलली की शेवटचा धा बरोबर पुढच्या समेवर. हा हिशोब मला आता येतो, तेव्हा मात्रा म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. त्या दिवशी त्याने पहिला दम घेतला आणि दुसरा खाल्ला. शेवटचा धा 16व्या मात्रेवर पडला. टेबलाखाली माझा पाय ठेक्याबरोबर हलत होता, तो उचललेला तसाच राहिला, कारण धा वाजून गेला होता आणि लेहऱ्याची सम अजून यायची होती. मी तिथूनच ओरडले, "दादा, चुकलास!"

"तुला सम म्हणजे काय माहीत तरी आहे का?"

नव्हतं माहीत. पण तो रियाज दुसऱ्या टेपवर रेकॉर्ड करायचा, त्याने कॅसेट मागे घेतली, बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. एक मात्रा कमी. मग म्हणाला, "तुक्का लागला तुझा." यावर आम्ही आजही भांडतो. त्याचं म्हणणं शिकल्याशिवाय संगीत कळत नाही, नुसतं आवडतं.

तुक्का नव्हता तो. लेहरा 16 मात्रांनी फिरून फिरून येत होता, तेवढ्यावर मेंदूने सम कुठे येणार ते धरून ठेवलं होतं, आणि पहिल्या पल्ल्यानंतर एक मात्रा थांबलेलं ऐकलं तर दुसऱ्यानंतरही थांबणार हेही. मोजता येणं वेगळं, वाट बघणं वेगळं, आणि मेंदू सतत वाट बघत असतो. 2009 साली हंगेरी आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ड्रमचा ठेका ऐकवला, डोक्याला इलेक्ट्रोड लावून. ठेक्याचा पहिला, मुख्य ठोका गाळला की मेंदूतल्या लहरी लगेच बदलायच्या, किरकोळ ठोका गाळला तर तसं व्हायचं नाही. जो ठोका वाजलाच नाही त्याला मेंदू उत्तर देतोय! त्या बाळांना कोणी क्लासला घातलं होतं?

सुरांचंही तेच. 2000 साली मेंदूचे संशोधक श्टेफान कोल्श आणि सहकाऱ्यांनी संगीत न शिकलेल्या लोकांना कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या, मालिका ऐकवल्या आणि मधेच त्यात न बसणारी कॉर्ड टाकली, तर साधारण एक पंचमांश सेकंदाच्या आत मेंदूने ती पकडली, कॉर्डकडे लक्ष द्या असं सांगितलेलं नसतानासुद्धा. पुढच्याच वर्षी दिसलं की ही प्रतिक्रिया मेंदूच्या डाव्या बाजूच्या ब्रोकाच्या भागातून आणि त्याच्या उजव्या बाजूच्या जोडीदारातून येते, म्हणजे वाक्याचं व्याकरण जिथे सांभाळलं जातं तिथून. मराठी बोलायला आपण आधी व्याकरण शिकलो होतो का? नाही, ऐकून ऐकून बसलं. संगीताचंही ऐकूनच बसतं. ठोक्यासाठी मेंदूच्या आत खोलवर असलेला बेसल गँग्लिया आणि हालचालीची आखणी करणारे भाग कामाला लागतात, हातपाय न हलवता नुसतं ऐकलं तरी. कुठे होतं याचं उत्तर एवढंच, एका जागी नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, कान नाही असं लहान मुलाला सांगणाऱ्या माणसाने शिकवू नये. गळ्यातून सूर लागत नाही याचा अर्थ कानाला कळत नाही असा होत नाही. तुम्ही शिका, पण कोणाकडून सर्टिफिकेट मिळवायला नको.

आता काही गोष्टी दादाच्या बाजूच्याही आहेत. शिकलेल्यांच्या मेंदूत चुकीच्या कॉर्डला येणारी प्रतिक्रिया जास्त मोठी असते, म्हणजे वाढतं हे खरं. जन्मजात अम्युझिया असलेल्या थोड्या लोकांना सुरांतले बारीक फरक खरंच कळत नाहीत. आणि काय ऐकत वाढलो यानेही फरक पडतो, 1984 मध्ये पाश्चात्त्य श्रोत्यांना उत्तर हिंदुस्थानी राग ऐकवले तेव्हा सा-प सारखे महत्त्वाचे सूर त्यांनाही ओळखता आले, पण रागामागचा थाट, म्हणजे त्याची सुरांची चौकट, फक्त भारतीय श्रोत्यांच्या उत्तरांत दिसला. शिकवलं नसलं तरी कानावर पडलेलं असावं लागतं. माझ्या कानावर रोज दोन तास पडत होतं.

ती कॅसेट मी जपून ठेवली आणि आता मोबाईलवर घेतलीय. दुसऱ्या पल्ल्यानंतर दम नाही हे मला पाठ आहे, शेकडो वेळा ऐकलंय. तरी दर वेळी तिथे पोटात धस्स होतं. यालाही कारण आहे, ही विशिष्ट तिहाई आठवणारी ओळख वेगळी आणि अशा तिहाया कशा जातात हे जाणणारी अपेक्षा वेगळी, दुसरी पहिलीचं ऐकत नाही. मागच्या महिन्यात दादाला हेडफोन लावून ती ऐकवली आणि त्याच्या हाताकडे बघत बसले. मांडीवर ठेका धरलेला हात 16व्या मात्रेला वरच थांबला.