अक्षौहिणी: औ का आणि किती?

"अक्षोहिणी लिहायचं की अक्षौहिणी? आणि म्हणजे नक्की किती?" असं इथल्याच एका ताईंनी विचारलंय.

औच. अक्षौहिणी हे महाभारतातलं सैन्य मोजायचं माप. दर गणपतीत इंदुरातल्या निवेदकांच्या तोंडून 'अक्षोहिणी गर्दी लोटली' ऐकून माझे कान किटलेत. परवा रामबागेतून आलेल्या एका पत्रिकेवरही तेच. पेनानं दुसरी मात्रा ओढली, मगच ती घरात ठेवली.

नियमानं पाहिलं तर अक्ष + ऊहिनीचं अक्षोहिनी व्हायला हवं, नव + ऊढाचं नवोढा होतं तसं. पण पाणिनीच्या सूत्रांना पुरवण्या जोडणाऱ्या कात्यायनानं इथे वार्तिकच, म्हणजे तशी पुरवणीच, घातलीय: 'अक्षादूहिन्यामुपसंख्यानम्'. अक्षापुढे ऊहिनी आली की वृद्धी, म्हणजे ओऐवजी औ. आणि गंमत म्हणजे प्र + ऊढ = प्रौढ हेही असंच वार्तिकानं साधलेलं रूप. प्रौढाला कुणी 'प्रोढ' म्हणत नाही, मग हिनंच काय घोडं मारलंय?

अक्ष म्हणजे रथाचा आस. पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते तो मराठी शब्दही ह्याच अक्षाचा झिजलेला अवतार. अक्ष म्हणजे इंद्रियं असं सांगणारे प्रवचनकार मला मुळीच मान्य नाहीत. रणांगणावर रथ मोजतात, इंद्रियं नव्हे! ऊहिनीसाठी वैयाकरण ऊह् धातूकडे धावतात. माझं मत वेगळं: ऊढ जिथून आला त्या वह् (वाहणे) धातूमधूनच ही आली असणार. जी भाषा सैन्याला वाहिनी म्हणते तिला हे जवळचं आहे.

आता किती ते. हाच प्रश्न महाभारताच्या आदिपर्वात ऋषींनी कथा सांगणाऱ्या सौतीला विचारलाय. एक पत्ती म्हणजे १ रथ, १ हत्ती, ३ घोडे, ५ पायदळ. तिला तीननं गुणत जायचं: सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. सात वेळा, म्हणजे २,१८७ पट. अशा दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी: रथ २१,८७०, हत्ती तितकेच, घोडे ६५,६१०, पायदळ १,०९,३५०. एकूण २,१८,७००. (अकरा खेळाडूंना 'चमू' म्हणणाऱ्यांनी ऐकावं: चमूत ७,२९० येतात.)

त्याच पत्रिकेच्या मागे मी अवयव पाडले: २,१८,७०० म्हणजे २७० चा वर्ग गुणिले ३. तीनाचे सात घात पोटात, म्हणून विभाजक तब्बल ७२.

अंकांची बेरीज अठरा, रथांची अठरा, घोड्यांची अठरा, पायदळाचीही अठरा. ह्यावरून महाभारताची पर्वं अठरा, युद्धाचे दिवस अठरा असा चमत्कार सांगणाऱ्यांशी माझं भांडण आहे. नवानं भाग जाणाऱ्या कुठल्याही संख्येच्या अंकांची बेरीज नवाच्या पाढ्यातच येते. पांडवांच्या सात अक्षौहिणी १५,३०,९००, कौरवांच्या अकरा २४,०५,७००, दोन्हींच्या अंकांची बेरीज अठराच, कबूल. पण अठराही एकत्र करा, ३९,३६,६००. बेरीज सत्तावीस!