जिंकतो एकच, मग बाकीचे सात जण कशाला?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जुलैत चौदा वर्षांच्या मुलाने तुमच्याबरोबर टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत पाहिली आणि विचारलं, "पिवळी जर्सी एकालाच मिळते, मग त्याच्या संघातले बाकीचे सात जण कशाला? आणि टूर संपल्यावर ते वर्षभर काय करतात?" वर अनेकांनी टूरविजेत्या पोगाचारचे विक्रम सांगितलेत, मुलाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्याला माझा एकच निरोप द्या: विजेता राहू दे, एखादा मदतनीस निवड आणि त्याचं अख्खं वर्ष बघ.

वाऱ्यापासून सुरुवात करतो. एप्रिल-मेमध्ये आपल्या इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरून विमानतळाकडे येताना समोरचा वारा छातीवर बसतो. तिथे पुढच्या सायकलच्या मागे वीतभर अंतर ठेवून चाललं, की मागच्याची पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. आमच्या गटात आम्ही दर पाच मिनिटांनी पुढची जागा बदलतो. व्यावसायिक संघात म्होरक्या, म्हणजे ज्याला जिंकवायचं तो, पुढे येतच नाही. दोनशे किलोमीटरच्या टप्प्यात शेवटच्या घाटाच्या पायथ्यापर्यंत त्याला वारा लागू द्यायचा नाही, ही बाकीच्यांची जबाबदारी. शिवाय संघाच्या गाडीपर्यंत मागे जायचं, सात-आठ बाटल्या जर्सीत कोंबायच्या, जथ्यातून वाट काढत पुन्हा पुढे पोहोचायचं. म्होरक्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. फ्रेंचमध्ये या माणसाला 'डोमेस्टिक' म्हणतात, म्हणजे घरगडी. मला तो शब्द कधीच आवडला नाही.

घाटात वेग पडतो, तसा वाऱ्याच्या आडोशाचा फायदाही कमी होतो. तिथे मदतनीस एका लयीत इतका कडक वेग धरून ठेवतो, की प्रतिस्पर्ध्याला सुटून जायची ताकदच उरत नाही. चोरलहून परतताना भैरव घाटात आमच्या गटातले एक काका पुढे राहून असाच ताल धरतात. त्यांच्यामागून चढलेल्या नवख्यांना वाटतं, आज घाट लहान झाला.

आता वर्षाचं. मोठ्या संघात तीसपर्यंत सायकलस्वार असतात, टूरला त्यातले आठच जातात. हंगाम जानेवारीत ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला सुरू होतो आणि ऑक्टोबरमध्ये संपत येतो. मार्च-एप्रिलमध्ये बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सच्या दगडी रस्त्यांवरच्या एकदिवसीय शर्यती, मेमध्ये इटलीची जिरो, जुलैत टूर, ऑगस्टअखेरीस स्पेनची वुएल्टा, शेवटी लोम्बार्डी. अनेकदा एकाच आठवड्यात संघाच्या दोन-तीन तुकड्या वेगवेगळ्या देशांत पळत असतात. तुमच्या मुलाला जुलैत जे दिसलं, ते एवढ्या मोठ्या वर्षातले तीन आठवडे.

हे सगळं एका माणसात पाहायचं तर २०२३ सालचा जंबो-विस्मा हा डच संघ घ्या. मेमध्ये प्रिमोझ रोगलिचने जिरो जिंकली, अवघ्या १४ सेकंदांनी. जुलैत योनास विंगेगार्डने टूर जिंकली, साडेसात मिनिटांच्या फरकाने. दोघांसाठीही घाटात जो राबला तो एकच: अमेरिकेतल्या कोलोरॅडोचा सेप कुस. तीन आठवड्यांची एक शर्यत केली तरी माणूस पिळून निघतो. कुसने दोन्हींचे एकवीस-एकवीस टप्पे दुसऱ्यासाठी काढले आणि ऑगस्टअखेरीस तो वुएल्टालाही उभा राहिला. तिथे रोगलिच आणि विंगेगार्ड दोघेही होते, म्हणजे याच्या वाट्याला पुन्हा मदतनीसाचंच काम.

सहाव्या टप्प्यावर तो पुढे सुटलेल्या मोठ्या गटात होता. आपला माणूस पुढे असला की मागे पाठलागाचा भार इतर संघांवर पडतो, हा जुना डाव. त्या दिवशी मागून त्याला कोणी गाठूच शकलं नाही. कुसने हावालाम्ब्रेचा चढ जिंकला आणि आठव्या टप्प्यानंतर आघाडीची लाल जर्सी त्याच्या अंगावर आली. तूर्मालेच्या घाटावर तर या संघाचे तिघे पहिले तीन आले. मग सतराव्या टप्प्यावर आला अँग्लिरू. साडेबारा किलोमीटरचा घाट, काही ठिकाणी २३ टक्क्यांहून जास्त चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे सरकताना तेवीस मीटर वर. तिथे रोगलिच आणि विंगेगार्ड निघून गेले आणि लाल जर्सीतला कुस मागे राहिला. त्याला सोबत मिळाली ती दुसऱ्याच संघाच्या मिकेल लांडाची. त्याच्या चाकामागे लागून कुस वर पोहोचला तेव्हा आघाडी उरली होती ८ सेकंदांची.

त्या रात्री मला झोप लागली नाही. घरच्या प्रत्येक कार्यात पंगती वाढणाऱ्या काकूंना एकदाचं पानावर बसवावं आणि नेमके तेव्हाच वाढणारे उठून जावेत, तसं वाटलं. रोगलिच आणि विंगेगार्ड यांचीही बाजू आहे, ते जिंकण्यासाठीच आलेले खेळाडू. पण वर्षभर ज्याच्या चाकामागे बसलात, त्याच्यासाठी एक घाट थांबायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पुढे संघाने कुसला राखायचं ठरवलं आणि माद्रिदला तो १७ सेकंदांनी जिंकला. विंगेगार्ड दुसरा, रोगलिच तिसरा. एकाच वर्षी तिन्ही मोठ्या शर्यती जिंकणारा हा पहिलाच संघ.

मुलगा विचारेल की मग संघाला पैसे कोण देतं. या खेळात रस्त्यावर तिकीट नसतं, संघ चालतो प्रायोजकांवर. म्हणून नावं सारखी बदलतात. हाच संघ पूर्वी राबोबँक होता. २०१२ मध्ये डोपिंगची प्रकरणं बाहेर आल्यावर बँकेने हात काढून घेतला. २०२४ पासून तो विस्मा-लीज अ बाईक आहे. आणि बक्षिसाची रक्कम विजेत्याने साथीदारांत वाटायची रीत आहे, हेही त्याला सांगा.

पुढचंच वर्ष कसं गेलं तेही बघण्यासारखं आहे. रोगलिच दुसऱ्या संघात गेला. एप्रिल २०२४ मध्ये बास्क प्रदेशातल्या शर्यतीत विंगेगार्ड पडला. गळ्याजवळचं हाड आणि बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. टूरच्या तोंडावर कुसला कोविड झाला आणि तो जाऊच शकला नाही. विंगेगार्ड तरीही दुसरा आला, पोगाचारच्या सव्वासहा मिनिटं मागे. कुस असता तर निकाल उलटा लागला असता असं मी म्हणणार नाही, पोगाचार त्या वर्षी फारच पुढे होता. पण घाटात विंगेगार्ड लवकर एकटा पडलेला दिसला, की मला कुसची जागा रिकामी दिसायची.

सुरुवात जानेवारीपासून करा. युरोपातल्या शर्यती आपल्याकडे रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास संपतात, जेवता जेवता शेवटचा तास पाहून होतो. मुलाला एक वही द्या. त्याने निवडलेला माणूस कुठल्या शर्यतीत होता, किती वेळ पुढे राहिला, कधी बाजूला झाला, एवढंच लिहू दे. कितवा आला हे नाही लिहिलं तरी चालेल.

आणि या रविवारी सकाळी सहाला त्याला सुपर कॉरिडॉरवर घेऊन या. आधी दहा मिनिटं त्याला काकांच्या मागे चालवू, मग दोन मिनिटं पुढे येऊ देऊ. हेल्मेट आणि पाण्याच्या दोन बाटल्या तेवढ्या आणा, बाकी मी बघतो.