एका गड्याच्या दोन जर्सी

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आयर्लंडच्या हर्लिंग या खेळावर छोटं टिपण होतं. हातात लाकडी काठी, लहानसा चेंडू, एका बाजूला 15 गडी. त्यावर सातारा आणि सांगलीकडून आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत.

लेक नर्स आहे, सध्या किलकेनीला असते. तिथल्या हेन्री शेफ्लिन या खेळाडूची माहिती तिने पाठवली. क्लब ‘बॅलीहेल शॅमरॉक्स’, काउंटी ‘किलकेनी’, पुढे ‘10 ऑल-आयर्लंड’ आणि ‘27-484’ असा आकडा. हा गडी नक्की कुठल्या संघाचा? आणि तो आकडा कसला? — एक वाचक, कराड

दोन्ही संघांचा, आणि तेही एकाच वर्षात. क्लब म्हणजे गाव. हर्लिंगमध्ये क्लब पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावावर बांधलेला असतो. ज्या गावात वाढलात त्या गावाकडून खेळायचं. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. जिल्ह्यातल्या सगळ्या क्लबांतून चांगले गडी निवडून काउंटीचा संघ होतो, पण निवड झाली म्हणून क्लब सुटत नाही. आपल्याकडे कबड्डीतलं चांगलं पोरगं रेल्वे, पोलीस किंवा एखाद्या कंपनीच्या संघात गेलं की गावच्या मंडळाकडे यात्रेच्या सामन्यापुरतं उरतं. तिकडे असा तिसरा मालक मध्ये येतच नाही.

म्हणून अशा खेळाडूची माहिती वाचताना दोन रकाने वेगळे करून वाचा. शेफ्लिनचा काउंटीचा रकाना असा: 1999 साली वरिष्ठ संघात पदार्पण, ऑल-आयर्लंड (काउंटींची देशव्यापी स्पर्धा) विजेतेपदं 2000, 2002, 2003, 2006, 2007, 2008, 2009, 2011, 2012 आणि 2014. त्याच्या आधी मैदानावर 10 पदकांपर्यंत कोणी पोचलं नव्हतं. कॉर्कचा ख्रिस्टी रिंग 1941 ते 1954 या काळात आठवर थांबला होता. शिवाय शेफ्लिनची 11 वेळा ‘ऑल स्टार’मध्ये निवड झाली (वर्षातल्या सर्वोत्तम 15 जणांचा हा कागदावरचा संघ 1971 पासून निवडतात) आणि 2002, 2006 व 2012 असा तीनदा तो वर्षाचा सर्वोत्तम हर्लर ठरला. क्लबचा रकाना वेगळा: बॅलीहेलबरोबर 2007, 2010 आणि 2015 मध्ये ऑल-आयर्लंड क्लब विजेतेपद. 17 मार्च 2015 ला क्लबचा अंतिम सामना जिंकला आणि आठच दिवसांनी काउंटीतून निवृत्ती जाहीर केली. शेवटचं मोठं पदक गावाच्या जर्सीत मिळालं, हे तिकडच्या माणसाला मुद्दाम सांगावं लागत नाही.

आता 27-484. डॅशच्या आधी गोल, नंतर पॉइंट. खांबांच्या मधून आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे 3 पॉइंट. दांडीवरून गेला तर 1. तेव्हा 27 गुणिले 3 म्हणजे 81, अधिक 484, एकूण 565. हे फक्त चॅम्पियनशिपचे, म्हणजे प्रांत आणि ऑल-आयर्लंडच्या सामन्यांचे. लीगचे यात धरत नाहीत. निवृत्तीच्या वेळी हा विक्रम होता. 2021 मध्ये गॅलवेच्या जो कॅनिंगने तो मागे टाकला.

या डॅशमुळे नवख्याची गफलत ठरलेली. 2024 चा अंतिम सामना घ्या: क्लेअर 3-29, कॉर्क 1-34. नुसतं 34 पाहून कॉर्क जिंकलं असं वाटतं. हिशेब केला तर क्लेअर 38, कॉर्क 37. जादा वेळेत एका पॉइंटने निकाल लागला.

आणखी एक सांगायला हवं. शेफ्लिन संघाच्या फ्री घ्यायचा, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारे फटके त्याच्या काठीवर. त्यातले पॉइंट या बेरजेत आहेत. मागे कोपऱ्यात बचाव करणाऱ्याच्या नावापुढे अख्ख्या कारकिर्दीत 0-2 दिसलं, तर तो कच्चा गडी होता असं समजू नका. त्याचं काम समोरच्याला 0-0 वर ठेवायचं.

एका खेळाडूच्या नावापुढे ‘ज्युनियर चॅम्पियनशिप, वय 34’ असं वाचलं. छपाईची चूक का? — तासगाव

चूक नाही. क्लबच्या पातळीवर सीनियर, इंटरमीडिएट, ज्युनियर या प्रौढांच्याच पायऱ्या आहेत, वयाशी संबंध नाही. लहान गावाचा क्लब ज्युनियर गटात असतो. जिंकला की वर चढतो, हरत गेला की खाली येतो. वयाचे गट वेगळ्या नावाने ओळखतात. जुन्या माहितीत ‘मायनर’ म्हणजे 18 वर्षांखालचा (आता 17), आणि ‘अंडर-21’ दिसतं त्या जागी आता अंडर-20 आहे. ज्युनियर क्लबचा गडी काउंटीच्या वरिष्ठ संघात असू शकतो. गाव लहान म्हणून गडी लहान होत नाही.

कबड्डीचा प्रशिक्षक आहे. गावच्या पोरापासून काउंटीच्या गड्यापर्यंतची वाट कशी असते? पैसे किती मिळतात? दुसऱ्या जिल्ह्याने पळवलं तर? — विटा

पैसे मिळत नाहीत. हा खेळ चालवणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन 1 नोव्हेंबर 1884 ला थर्ल्स गावी स्थापन झाली आणि खेळाडू आजही हौशी आहेत. क्रोक पार्कवर 82,000 च्या वर लोक अंतिम सामना बघायला बसतात, आणि मैदानातला गडी सोमवारी शाळेत शिकवायला नाही तर कचेरीत कामावर हजर. काउंटीच्या खेळाडूंना प्रवासखर्च, जेवण, वैद्यकीय उपचार आणि थोडं सरकारी क्रीडा अनुदान मिळतं. पगार नाही, लिलाव नाही.

वाट अशी: गावच्या क्लबचे लहान गट, शाळेचा संघ, मग काउंटीचा मायनर, मग अंडर-20, मग वरिष्ठ. मध्ये महाविद्यालयाची फिट्झगिबन कप ही स्पर्धा येते. निवडणाऱ्यांची नजर तिथे असते. शेफ्लिन वॉटरफर्डच्या महाविद्यालयाकडून 1999 आणि 2000 मध्ये ती जिंकला होता. पण निवडीचा खरा आधार क्लबचा सामना. काउंटीत आधीच असलेला गडी क्लबकडून सुस्त खेळला तर ते सगळ्या जिल्ह्याला दिसतं.

पळवापळवी अवघड, कारण काउंटी क्लबवरून ठरते आणि क्लब गावावरून. नोकरीसाठी खरोखर दुसरीकडे राहायला गेलात तर रीतसर बदली मागता येते. समिती कागद बघते, मूळ क्लबचं म्हणणं ऐकते. त्यामुळे पाच-पन्नास किलोमीटरवर बलाढ्य संघ असला तरी दुबळ्या काउंटीत जन्मलेला उत्तम हर्लर बहुधा तिथेच खेळून संपतो. हा अन्याय आहे का? आमच्या मते थोडा आहे. पण हाच नियम काढला तर गावचे क्लब दहा वर्षांत ओस पडतील.

क्लब आणि काउंटी किती घट्ट बांधलेत, ते कर्णधाराच्या निवडीत दिसतं. किलकेनीत रीत अशी की जो क्लब काउंटीचं विजेतेपद जिंकेल तो पुढच्या वर्षी काउंटी संघाचा कर्णधार सुचवणार. 2006 ला बॅलीहेल जिंकलं म्हणून 2007 ला शेफ्लिन कर्णधार झाला. त्याच्या गावच्या पोरांनी आदल्या वर्षी मार खाल्ला असता तर लीअम मॅकार्थी कप, म्हणजे ऑल-आयर्लंडचा चषक, दुसऱ्या कोणी उचलला असता.

हे हॉकीच की! — मिरज

नाही हो. हॉकीत चेंडू उंच उडाला की पंच शिट्टी फुंकायला टपलेले. इथे तो खांद्याच्या वरूनही मारता येतो. चेंडू हाताने झेलता येतो, पण जमिनीवरून हाताने उचलता येत नाही. काठीच्या पात्याने उचकटून हातात घ्यायचा. हातात धरून चार पावलांपेक्षा जास्त पळायचं नाही. त्यापुढे जायचं तर काठीच्या पात्यावर चेंडू तोलत पळायचं. एका ताब्यात चेंडू दोनदाच हातात घेता येतो. काउंटीचा वरिष्ठ सामना 70 मिनिटांचा, क्लबचा 60. आपल्या विटी-दांडूत उडालेल्या विटीला हवेतच टोला हाणतात ना, हर्लिंगमधला सगळ्यात देखणा फटका त्याचाच भाऊ.

सुतारकाम करतो. ती काठी कुठल्या लाकडाची? आपल्याकडे बाभळीची चालेल का? — शिराळा तालुका

काठीला हर्ली म्हणतात, लाकूड ॲश. पण नुसत्या लाकडाच्या जातीवर भागत नाही. झाड साधारण 25 ते 35 वर्षांचं लागतं आणि त्याचा जमिनीलगतचा चार-सव्वाचार फूट बुंधाच कामाचा. मुळ्या फुटतात तिथे बुंधा बाहेर पसरतो आणि लाकडाची रेषही तशीच वळते. काठीचं खालचं रुंद पातं त्या वळणातच बसवून कापतात, म्हणजे मुठीपासून पात्याच्या टोकापर्यंत रेष अखंड वाहते. सरळ फळीवर आकार काढून कापली तर दिसायला तंतोतंत तशीच होईल, पण पातं जिथे दांड्याला मिळतं तिथे रेष आडवी तुटलेली राहील. दोन काठ्या पहिल्यांदा एकमेकींवर आपटल्या की तिथेच मोडणार. आणि मोडलेलं टोक टाचणीसारखं अणकुचीदार असतं.

मोठ्या माणसाची काठी 34 ते 36 इंच. पात्याची रुंदी जास्तीत जास्त 13 सेंटिमीटर. गोलकीपरला ही मर्यादा नाही. फळी पूर्ण वाळलेली हवी, पात्यात गाठ नको. रंध्यानंतर कानस आणि पॉलिश पेपर मारून दांडा हळूहळू बारीक करत न्यायचा. परीक्षा सोपी: पातं जमिनीवर टेकवा, मूठ धरा, दांड्याच्या मध्यावर दाब द्या. किंचित लवून परत सरळ झाली पाहिजे. लवलीच नाही तर प्रत्येक फटक्याचा झटका मनगटात येतो. पात्याच्या टोकाला पत्र्याची पट्टी गुंडाळून चुका मारतात, चिरू नये म्हणून. चुक्यांची डोकी आणि पट्टीची कड ठोकून सपाट करा, नाहीतर समोरच्याच्या बोटांची वाट लागते. मग वर्षातून दोनदा जवसाचं तेल.

बाभूळ टणक आहे यात शंका नाही, पण जड पडते. विटी-दांडूच्या दांडूला ती ठीक, कारण तो हातभर असतो. तीन फुटांच्या काठीत तेच वजन टोकाला जातं आणि काठी वेळेवर फिरत नाही. त्यापेक्षा तुती बघा. आपल्या देशात हॉकी स्टिक वर्षानुवर्षं तुतीच्याच होत आल्या, कारण ती लवते. फक्त रेशीमवाल्यांची छाटून ठेवलेली तुती उपयोगाची नाही, वाढलेलं झाड हवं. वळणदार बुंधा मिळाला नाही तर वाफेवर वाकवून करा. सरळ फळीतून कोरण्यापेक्षा ते बरं.

आयर्लंडलाही ॲशची चणचण आहे. झाडं शेंड्याकडून वाळवणारा बुरशीचा रोग 2012 मध्ये तिथे आढळला आणि पसरला. लाकूड बाहेरून येतं, बांबूचे थर चिकटवून केलेल्या काठ्याही आता मैदानात दिसतात.

शेफ्लिनचा गुडघा दोनदा गेला म्हणे. तरी परत कसा खेळला? माझाही कबड्डीत गेला आहे. — सातारा

2007 च्या अंतिम सामन्यात पूर्वार्धातच गुडघ्याचा क्रूसिएट लिगामेंट (सांधा आतून धरून ठेवणारा पट्टा) तुटला. दुसऱ्या अर्धात तो उतरला नाही, संघ जिंकला. 2010 च्या उपांत्य सामन्यात पुन्हा तेच. त्या वेळी शस्त्रक्रिया पुढे ढकलून चारच आठवड्यांनी तो अंतिम सामन्यात उतरला आणि पहिल्या पाव तासातच बाहेर आला. टिपेररी 4-17, किलकेनी 1-18. सलग पाचवं विजेतेपद हुकलं. मग शस्त्रक्रिया झाली, महिनोन्महिने व्यायाम झाला, आणि 2011 ला तो पुन्हा विजेत्या संघात होता. यातलं 2011 घ्या, 2010 घेऊ नका.

हा लिगामेंट बहुतेकदा कोणी न धडकता जातो. पाय रोवलेला, अंग वळलं, आणि आतून ‘कट्’ आवाज. काही तासांत सूज, मग उतरताना किंवा वळताना गुडघा निसटल्यासारखा वाटतो. तसं होत असेल तर तेल चोळत बसू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून एमआरआय करून घ्या. शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतायला नऊ महिने धरून चला. दुखणं थांबलं म्हणजे पाय तयार झाला असं नाही. दुखऱ्या पायाची मांडी चांगल्या पायाइतकी बळकट झाली का आणि एका पायावर उडी मारून तोल राहतो का, हे मोजून घेतात.

हर्लिंगमध्ये जास्त मोडतात ती बोटं. डोक्याच्या जखमा मात्र कमी झाल्या. 2010 पासून सगळ्यांना जाळीचं हेल्मेट सक्तीचं आहे.

मुली खेळतात का? — फलटण

हो. त्यांच्या खेळाला कमोगी म्हणतात. काठी तशीच, चेंडू जरा लहान. त्यांची संघटना 1904 पासून आहे.

मुलाकडे डब्लिनला दोन महिने जाणार आहोत. सामना कधी आणि कुठला बघावा? — वाई

तिकिटं काढायच्या आधी महिना ठरवा, कारण आता वर्षाचे दोन तुकडे झालेत. जानेवारीअखेर ते जुलै काउंटीचं: आधी लीग, एप्रिलपासून मन्स्टर आणि लेन्स्टर प्रांतांच्या स्पर्धा, जुलैत क्रोक पार्कवर ऑल-आयर्लंड अंतिम सामना. त्यानंतर क्लबचं: साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर काउंटीतले क्लब आपसात, मग प्रांत, आणि जानेवारीत ऑल-आयर्लंड क्लब अंतिम. जुन्या माहितीत हा सामना 17 मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी दिसेल. तेव्हा तशी पद्धत होती.

अंतिम सामन्याची बरीच तिकिटं क्लबांमार्फत वाटली जातात, त्यामुळे परक्याला मिळणं कठीण. एप्रिल-मेमध्ये असाल तर प्रांतातला साखळी सामना गाठा. सप्टेंबरमध्ये असाल तर किलकेनीच्या नोलन पार्कवर क्लबचा सामना बघा. आदल्या जुलैत एका जर्सीत खांद्याला खांदा लावून खेळलेले दोघे तिथे समोरासमोर उभे असतात, एकमेकांच्या सगळ्या खोडी माहीत असलेले. खांबांमागे पांढऱ्या डगल्यात पंच असतो. त्याने पांढरं निशाण उचललं तर पॉइंट, हिरवं उचललं तर गोल. सोबत स्वेटर आणि रेनकोट घ्या, तिकडचा उन्हाळा महाबळेश्वरच्या जूनसारखा निघू शकतो.