"सर वाईट नाहीत, मीच कमी पडतोय"

"सरावाला निघायची वेळ झाली की याचं पोट दुखतं. मॅनेजरचं नाव काढलं की मात्र सगळं ठीक आहे म्हणतो." तरुण फुटबॉलपटूंच्या पालकांकडून हे सतत ऐकते, म्हणून एका मुलाबद्दल लिहिते आहे. मॅनेजर म्हणजे संघाचा मुख्य कोच, मुलांचे "सर". ओळखीचे तपशील बदलले आहेत.

सोळा वर्षांचा मिडफिल्डर. हसत म्हणाला, "सर मला सगळ्यांसमोर ओझं म्हणतात. पण ते सगळ्यांनाच बोलतात, मॅडम."

"तू तक्रार केलीस तर काय जाईल?"

हसू मावळलं. "टीम तेच निवडतात. दुसऱ्या क्लबनं चौकशी केली तरी फोन त्यांनाच जातो."

अशा मुलाला "घाबरू नकोस" म्हणू नये, कारण त्याची भीती खरी असते. शिवाय हाच माणूस गोल झाला की मिठी मारतो, आणि त्या एका शाबासकीसाठी मुलं महिनाभराचा अपमान गिळतात. अमेरिकेतल्या व्यावसायिक महिला फुटबॉल लीगमधल्या छळावर तिथल्या माजी कार्यवाहक ॲटर्नी जनरल सॅली येट्स यांचा चौकशी अहवाल २०२२ मध्ये आला. शिवीगाळ म्हणजेच कोचिंग हा समज तिथेही युवा फुटबॉलपासूनच रुळलेला निघाला.

मी त्याला एक वही करायला सांगितली. सर जे बोलले ते त्याच रात्री, जसंच्या तसं लिहायचं. डावीकडे खेळाबद्दलचं, उजवीकडे त्याच्याबद्दलचं. "पास उशिरा दिलास" डावीकडे. "तुझ्यात जिगरच नाही" उजवीकडे. दोन आठवड्यांनी डावीकडे चार वाक्यं होती, उजवीकडे एकोणीस. उजव्या रकान्यावरून तो बराच वेळ बोट फिरवत राहिला.

"मॅडम, यातलं काहीच मी सराव करून सुधारू शकत नाही."

"छळ" हा शब्द मी तोवर एकदाही उच्चारला नव्हता. मी आधी उच्चारला असता तर तो सरांचीच बाजू घेत बसला असता. माझा अनुभव तरी असाच आहे. मुलाला स्वतःच्या अक्षरात दिसलेलं मग कुणी पुसू शकत नाही.

पुढचं काम सरळ असतं. तारीख, जागा, नेमके शब्द आणि ते कुणी ऐकले, एवढंच लिहा. स्वतःचे निष्कर्ष नकोत. मेसेज पुसू नका. तक्रार क्लबच्या बालसुरक्षा अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. ते पद नसेल तर फुटबॉल संघटनेकडे द्या. सहायक कोचकडे नको, त्याची नोकरी बहुधा मॅनेजरच्याच मर्जीवर असते. बापानं मैदानावर जाऊन भांडणं सर्वांत घातक: दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये मुलगा एकटा असतो. मारहाण, लैंगिक स्पर्श किंवा दुखापतीत जबरदस्तीनं खेळवणं असेल तर वहीसाठी थांबू नका. त्याच दिवशी कळवा. मारहाण आणि स्पर्श यांत थेट पोलिसांकडे जा.

तक्रारीआधीच्या सहा-आठ सामन्यांत मुलगा किती मिनिटं खेळला तेही टिपून ठेवा. सूड बहुधा बाकावर बसवूनच उगवला जातो, आणि आधीचे आकडे नसले तर तो दाखवता येत नाही. या मुलानं ती मिनिटं वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली, मगच अर्जावर सही केली.